टेक्सासचा बिननावाचा पतंग

"जरा नीट धर की गं बॅटरी! मघाशी तीन ठिपके होते, आता दोनच."

बाळासाहेबांची कुरकुर थेट शामलाच्या कानात. सैनिकांच्या धास्तीने पडदे ओढलेले, म्हणून भर दुपारी ती नवऱ्याच्या खांद्यावरून वाकून बॅटरी धरून उभी होती. भिंगाखाली एक पतंग होता, दिव्यावर झेपावतो तसला, राखेच्या रंगाचा. टेक्सासला कंपनीच्या ट्रेनिंगला गेलेल्या बाळासाहेबांनी तो हॉस्टेलच्या दिव्याखाली पकडला, टाचणी मारली आणि डबीतून कुवेतला आणला. लोक तिकडून मिक्सर आणतात.

तसल्या पतंगांच्या दोन जाती दिसायला हुबेहूब. पोट कापून मायक्रोस्कोपखाली पाहिल्याशिवाय फरक कळत नाही, असं पुस्तकात साफ लिहिलेलं. शामला इस्पितळात लॅब टेक्निशियन, ती दहादा म्हणाली, "द्या, मी कापते." छे! जुलैत त्यांनी अमेरिकेतल्या तज्ज्ञाला फोटो धाडला होता. त्याचं उत्तर यायचं होतं.

ऑगस्टात इराकी फौजा आल्या. पोस्ट बंद, कंपनीला कुलूप, त्यांच्या रिग्गई वस्तीतल्या निम्म्या इमारती ओस. बाळासाहेबांचं आपलं एकच, "नाव कळू दे, मग निघू. पत्ता बदलला तर पत्र जाईल कुठे?" पोस्टमन बिचारा इजिप्तचा, तो केव्हाच कैरोला घरी पोचला होता.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचा हरिश्चंद्र अम्मानच्या बसची यादी घेऊन आला; तिथून भारताचं विमान मिळायचं. सगळी बिल्डिंग विचारायची तेच त्यानेही विचारलं, "काय काका, लागलं का नाव?" तुम्ही निघत का नाही, हे कुणीच विचारत नसे. गेली वीस वर्षं सुट्टीला पुण्याच्या घरात बाळासाहेब शिरले की त्यांचे भाऊ खुर्ची सोडून उठायचे. 'कुवेतवाले दादा' आले ना!

"काकू, दोनच जागा उरल्यात. उद्या सकाळी सहाला बस. पुढची कधी, काही भरवसा नाही."

"पुढच्या बसचं बघू रे," बाळासाहेब भिंगावरून नजर न काढता म्हणाले. "शास्त्राचं काम आहे, घाई करून चालत नाही."

शामलाने बॅटरी विझवली. ठिपके, भिंग, शास्त्र, सगळं अंधारात गेलं.

"अहो, पत्र येणार नाही. आलं तरी तुम्ही निघणार नाही. नोकरी गेली आपली. आता पुण्यात तुमच्यासाठी कुणी खुर्चीवरून उठणार नाही, त्याची भीती वाटते तुम्हाला."

तिने अंधारातच त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"मलाही वाटते. हरिश्चंद्र, दोघांची नावं लिही."