फायनल-पक्का-जी

निमिषच्या कंपनीत एक अजब रीत होती. सॉफ्टवेअरमध्ये चूक सापडली की ती दुरुस्त करण्याआधी आवृत्तीचं नाव बदलायचं. मोहालीतल्या त्या ऑफिसात हॉस्पिटलांसाठी ऑपरेशनच्या तारखा देणारं सॉफ्टवेअर बनत होतं आणि ते तपासायचं काम निमिषकडे होतं. पहिल्या, अल्फा आवृत्तीत चुका निघाल्या, म्हणून तिला बीटा म्हटलं. बीटातही निघाल्या, तेव्हा हरजिंदर साहेबांनी समोसे मागवून बैठक घेतली आणि तिचं 'फायनल' असं बारसं केलं. मग 'फायनल-पक्का' झालं. चुका बिचाऱ्या प्रत्येक बारशाला हजर.

शेवटची चूक तर भलतीच होती. कुणी ऑपरेशन पुढं ढकललं, की जुन्या तारखेला ते झालं असंच सॉफ्टवेअर नोंदवून टाकायचं.

"यार, ऑपरेशन कौन टालता है?" हरजिंदर म्हणाले. "नाम के आगे जी लगा दो. बड़े डॉक्टरों के पास जा रहा है, इज्जत भी रहेगी."

ही 'फायनल-पक्का-जी' ज्या हॉस्पिटलात जाणार होती, तिथंच निमिषच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. त्यासाठीच लीलावतीबाई साताऱ्याहून मोहालीजवळच्या झिरकपूरला त्याच्या फ्लॅटवर आल्या होत्या. पण 'तपासलं' अशी सही केली नाही, तर बढती हातची जाणार. आणि आईची तारीख ठरलेली आहे, ती कशाला पुढं ढकलेल? अशी मनाची समजूत घालून गड्यानं सही ठोकली.

एवढा हुशार टेस्टर, पण स्वतःच्या आईला विसरला. तो ऑफिसला गेल्यावर बाईंनी कॅलेंडर डोळ्यांना चिकटवून पाहिलं. ऑपरेशनच्या दिवशी नेमकी अमावस्या. त्यांनी मोडक्यातोडक्या हिंदीत हॉस्पिटलला फोन लावला आणि तारीख दोन दिवस पुढं घेतली. लेकाला सांगितलं ते तारीख बदलून झाल्यावर.

ठरल्या दिवशी मायलेक काउंटरवर पोचले.

"माताजी, आपका ऑपरेशन तो परसों हो गया," तिथली मुलगी म्हणाली.

"सॉफ्टवेअर में गलती है," निमिष पुटपुटला.

"गलती कैसे होगी जी? ये तो पक्कावाला है. नीचे चेक करनेवाले का नाम भी है." तिनं स्क्रीन वळवली.

"काय लिहिलंय रे? वाच की," लीलावतीबाई म्हणाल्या. "मला कुठं दिसतंय?"

निमिषला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी त्यानं वाचलं. "ऑपरेशन यशस्वी. तपासलं, निमिष."

"तू तपासलंस?"

"हो, आई."

लीलावतीबाईंनी त्याच्या आवाजाकडे तोंड फिरवलं आणि डोळे बारीक करून त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

"मग तुझं तोंड मला अजून धुरकट का दिसतंय?"