फिरकीची सर्व्हिस

पालिकेच्या हॉलवर टेबल टेनिस खेळणाऱ्या पोरांनी तिला फिरकी म्हणायला सुरुवात केली, कारण तिच्या सर्व्हिसवरचा चेंडू समोरच्याच्या बॅटला लागला की भलतीकडेच पळायचा. वडिलांची लाँड्री होती. दादा टेम्पोतून हॉटेलांच्या चादरी, क्लबचे टॉवेल आणायचा-पोचवायचा. फिरकी शाळेतून आली की आधी दुकानात घड्या घालायची आणि मगच हॉल गाठायची. चादरी झटकून झटकूनच पोरीचं मनगट असं सैल झालंय, असं आई येईल त्याला सांगायची. फिरकीला ते मुळीच पटत नसे. भिंतीसमोर उभं राहून घासली होती तिने ती सर्व्हिस. त्यात चादरींचा काय संबंध?

त्या हॉलवर एक दिवस क्लबचा मुलगा येऊन उभा राहिला. शहरातल्या मोठ्या सर्जनचा मुलगा. टी-शर्टलासुद्धा इस्त्री! पोरांनी तिथल्या तिथे त्याचं नाव पाडलं, कडक.

हॉलवर शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "शहराच्या संघासाठीच्या निवड स्पर्धेत मिश्र दुहेरीला तुम्ही दोघं एकत्र खेळायचं. त्याला जोडीदार नाही, आणि आपल्याकडे तुझ्या तोडीचा मुलगा नाही."

"का? क्लबात मुलींचा दुष्काळ पडलाय?" फिरकीने विचारलं.

मॅडम नुसत्या हसल्या. बुटाच्या नाड्या बांधायला कडक खाली वाकला, तो बराच वेळ वर आलाच नाही.

घरी दादाने ऐकलं आणि हातातली चादर खाली ठेवली. "एसी सोडून आपल्या गळक्या हॉलवर? फिरके, यात काहीतरी पाणी मुरतंय."

फिरकीलाही तेच वाटत होतं. दुहेरीत दोघांनी आळीपाळीने चेंडू मारायचा असतो. आपण मारला की लगेच बाजूला सरकून दुसऱ्याला जागा करून द्यायची. सुरुवातीला दोघं एकमेकांवर आदळायचे. कडक दर वेळी "सॉरी" म्हणायचा, एकदा तर टेबलाच्या कोपऱ्यालाच म्हणाला. फिरकीला हसू फुटलं होतं, ते तिने गिळलं. त्याने पाण्याची बाटली पुढे केली की तिला वाटायचं, ही कशासाठी? खेळ संपल्यावर तो तिच्याबरोबर हॉल झाडायला थांबला की वाटायचं, याला काय हवंय? आणि हॉलवर निघताना आपण आरशासमोर जास्तच रेंगाळतोय हे लक्षात आलं, तेव्हा तिला स्वतःचाच संशय आला.

मग फोनचं प्रकरण झालं. ती एकटीच सर्व्हिसचा सराव करत होती. सहज मान वळवली तर बाकावर त्याचा फोन बॅगेला टेकवून उभा केलेला, कॅमेरा थेट तिच्या मनगटावर.

"हे काय चाललंय?"

तो गडबडला. "शिकतोय. तुझं मनगट अगदी शेवटी वळतं. नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही."

"मग विचारायचं होतंस."

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणजे माहीत होतं तुला! पुसून टाक. आत्ता, माझ्यासमोर."

त्याने पुसून टाकलं. पण घरी जाताना तिच्या डोक्यात भुंगा लागला. आजचं पुसलं, आधीचं किती असेल?

पुढच्याच आठवड्यात दादाबरोबर ती क्लबवर टॉवेलचे गठ्ठे द्यायला गेली. मागच्या दाराच्या काचेतून आतलं टेबल दिसत होतं. कडक तिथे होता. समोर एक उंच मुलगी. ती मुलगी क्लबातली पहिल्या नंबरची, आणि एकेरीच्या निवडीत फिरकीची गाठ तिच्याशीच पडणार होती. कडक मनगट वळवून सर्व्हिस करत होता, फिरकीची सर्व्हिस, हुबेहूब. उंच मुलगी हसली आणि तिने चेंडू आरामात परतवला.

फिरकी गठ्ठा तसाच धरून काचेपाशी थांबली.

"काय गं?" दादाने विचारलं.

"काही नाही. गठ्ठा जड आहे."

ती कडकला काहीच बोलली नाही. रंगेहाथ पकडू, असं तिने स्वतःला समजावलं. खरं तर तो काय उत्तर देईल याचीच तिला धास्ती होती.

निवडीच्या दिवशी सकाळी एकेरीचा सामना झाला. ज्या सर्व्हिसवर भल्याभल्यांची भंबेरी उडायची, ती सर्व्हिस उंच मुलगी पाठ केलेल्या धड्यासारखी परतवत होती. फिरकी सरळ हरली. एकेरीतली जागा गेली.

पाण्याच्या नळापाशी तिने कडकला गाठलं.

"चांगली फिरकी घेतलीस माझी. कोण लागते ती तुझी?"

"आतेबहीण." त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"वा! घरातच द्यायची होती तर सगळी सर्व्हिस."

"दिली नाही गं. मी रोज तीच घोकत होतो. क्लबात माझ्यासोबत उशिरापर्यंत थांबणारी एवढी एकच. मी इतक्या वेळा मारली की तिला कळायला लागली. माझ्या डोक्यातच आलं नाही. आज तुझा पहिला पॉइंट गेला तेव्हा उमगलं."

"पण तुला कशाला हवी होती माझी सर्व्हिस?"

तो नळाकडे बघत राहिला. "मागच्या वर्षी शाळांच्या स्पर्धेत तुला खेळताना पाहिलं. तेव्हापासून... जोडीदार होती मला. हीच आतेबहीण. जोडीदार नाही असं सांगून मॅडमना मीच जाऊन विनवलं, की तुझ्यासोबत खेळू द्या."

म्हणजे पाणी मुरत होतंच. फक्त तिने खणलं होतं भलतीकडे. हे खरं मानायचं की नाही, ते मात्र तिला कळेना. माणूस पकडला गेला की गोडच बोलतो.

"खोटं बोललास."

"हो."

तेवढ्यात दुहेरीचा पुकारा झाला. समोर उंच मुलगी आणि क्लबातलाच एक मुलगा. दुहेरीत सर्व्हिस करणारा टेबलाखाली बोटांनी जोडीदाराला खूण करतो, कोणता चेंडू टाकणार ते सांगतो. फिरकीने खूण केलीच नाही. कडक बिचारा आंधळी कोशिंबीर खेळावी तसा धावत राहिला. पहिला गेम गेला.

"बोटांना काय झालंय तुझ्या?" मॅडमनी दरडावलं. "भांडायचं ते घरी जाऊन भांडा."

फिरकीपाशी एकच डाव उरला होता. मनगट तसंच वळवायचं, पण चेंडूला फिरक द्यायचीच नाही. उंच मुलगी फिरक गृहीत धरून बॅट लावेल आणि चेंडू वर उडेल. पण तो उडालेला चेंडू ठोकायचा कडकने. त्याला सांगावंच लागणार होतं.

तिने टेबलाखाली मूठ धरली. रिकामी, फिरक नसलेली. त्याने ती पाहिली, काही न बोलता एक पाऊल मागे सरकला.

चेंडू उडाला. कडकने तो असा हाणला की टेबलावर टप्पा घेऊन थेट भिंतीवर जाऊन आपटला.

उंच मुलगी त्याच्यावर ओरडली, "ही कधी दाखवली नाहीस मला!"

"मलाच आत्ता कळली!" तोही ओरडला, आणि पंचांनी दोघांनाही तंबी दिली.

त्यानंतर फिरकी कधी खरी फिरक टाकायची, कधी पोकळ, आणि प्रत्येक वेळी आधी त्याला सांगायची. पुढचे गेम त्यांनी जिंकले. संघात मिश्र दुहेरीची जोडी म्हणून दोघांचं नाव लागलं.

उंच मुलगी हात मिळवायला आली. "एक सांगू? हा गाढव जेवतानासुद्धा चमचा तुझ्यासारखा वळवतो. आमटी सांडते. माझ्या आईला, म्हणजे याच्या आत्याला, वाटतं, याच्या हाताला काहीतरी झालंय."

कडकचे कान लाल झाले. फिरकीने त्या कानांकडे नीट निरखून पाहिलं. कान काही नाटक करू शकत नाहीत, असं तिला वाटलं.

बाहेर दादाचा टेम्पो उभा होता. ती पायऱ्यांवर थांबली.

"एकेरीतली जागा तुझ्यामुळे गेली. ते मी विसरणार नाही."

"विसरू नकोस."

"हॉलवर येतोस ते घरी माहीत आहे?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"काय सांगतोस मग?"

"क्लासला जातो म्हणून."

"म्हणजे तिकडेही खोटंच."

त्याने फोन काढला, जरा हातात फिरवला आणि वडिलांना लावला. "बाबा, मी क्लासला जात नव्हतो. पालिकेच्या हॉलवर... हो, रोज. संघात निवड झाली. नाही, आत्याच्या मुलीसोबत नाही. आपल्या क्लबचे टॉवेल धुतात ना, त्या लाँड्रीवाल्यांची मुलगी." पलीकडचा आवाज एवढा चढला की त्याने फोन कानापासून लांब धरला. शब्द कळत नव्हते, सूर मात्र कळत होता. तो मान खाली घालून ऐकत राहिला, मध्येच म्हणाला, "हो, उद्यापण जाणार आहे."

दादाने हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला, लांबलचक.

फिरकीने हातानेच त्याला थांबायची खूण केली, आणि कडकचा फोन संपेपर्यंत त्याच्या शेजारी उभी राहिली.