दांडा कोणाच्या हातात?

या, या, पुढे सरकून बसा. भिंतीला टेकू नका, टेकलात की डोळा लागतो! आज एका गुरुजींची गोष्ट सांगतो, आणि तीही विमानातली.

विमान जुनं, पिवळं. हवाईदलातली पोरं पूर्वी ज्यावर पहिले धडे गिरवायची, तसलं. पुढे शिष्य, मागे गुरू. दोघांपुढे विमान वळवायचा एकेक दांडा. एक हलवला की दुसराही हलतो. म्हणून नियम कडक: देणाऱ्यानं "तुमच्याकडे" म्हणायचं, घेणाऱ्यानं "माझ्याकडे".

हवाई प्रदर्शनात त्याचं शेवटचं उड्डाण होतं. मग कायमचं संग्रहालयात. मागच्या खुर्चीचा मान आमच्या गुरुजींना. जन्म तिथंच गेलेला. एकदा, शेवटचा, दांडा हाती यावा एवढीच आस. पण लेक पडली डॉक्टर!

"बाबा, नुसतं बसायचं. हात गुडघ्यांवर. घ्या माझी शपथ."

"घेतली बाई. आईच्या वरताण निघालीस."

चालवणारा त्यांचाच शिष्य, ठोंब्या. आता त्यालाही टक्कल पडलेलं. वर जाताच तो प्रेमानं म्हणाला, "सर, तुमच्याकडे!" पण एकमेकांशी बोलायचं कानावरचं यंत्र नेमकं बंद. उत्तर आलं नाही. ठोंब्याला वाटलं, सरांना गहिवरून आलं असेल. त्यानं दांडा सोडला.

मागे गुरुजी शपथ पाळत बसलेले. मनात म्हणतात, 'ठोंब्या सुधारला की!' पुढे ठोंब्या म्हणतो, 'या वयातही काय हात आहे सरांचा!' आणि विमान? चाललंय आपलं देवाच्या भरवशावर!

इतक्यात ठोंब्यानं खालच्या गर्दीला दोन्ही हात हलवले.

"अरे गाढवा, मग चालवतंय कोण?" गुरुजी ओरडले. ऐकतंय कोण! पंख कलू लागला होता. त्यांनी दांडा धरला, पंख सावरला. आणि धरलाच आहे तर, म्हणून मैदानावरून अशी गोल फेरी घातली की लोकांच्या माना वळता वळता दुखल्या. मग दांडा जोरात हलवून ठोंब्याला खूण केली: उतरव आता.

खाली लेक कमरेवर हात ठेवून उभी.

"फेरी कुणी घातली?"

"सरांनी! वर गेल्यापासून तेच चालवत होते," ठोंब्या छाती फुगवून म्हणाला.

"वर गेल्यापासून? मी?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आधी घाम फुटला, मग हसू.

"बाबा, माझी शपथ!"

"अगं, तोवर देव चालवत होता. त्याचा हात अवघडला असेल, म्हणून जरा धरलं."

लेक रागवायला गेली आणि हसत त्यांच्या गळ्यात पडली.

गुरुजी आता देवाघरी आहेत. रोज हात जोडता ना, मायबाप? त्यात एकदा त्यांची आठवण काढा.