बोटावरचा आकडा

बोटावरचं बीपीचं यंत्र कार्लाने वडिलांना आणून दिलं ते त्यांच्याच हट्टापायी. दंडावरचा पट्टा आवळायला लागला की वडील, रेइनो कांगास, वैतागत. "हात उपटायलाच बसलंय जणू," असं म्हणून पट्टा काढून टाकत. मिशिगनच्या लोखंडाच्या खाणीत तीस वर्षं ड्रिल चालवलेला माणूस, त्याची बोटं थंडीत पांढरीफटक पडायची. त्याच बोटावर हे यंत्र बसायचं.

यंत्र आल्यापासून ते रोज सकाळी न चुकता ग्रीन बे शहरात राहणाऱ्या कार्लाला फोन करू लागले. एरवी बापलेकीत वाढदिवसाला दोन वाक्यं झाली तरी पुष्कळ.

"एकशे सव्वीस," ते सांगत.

"छान आहे, बाबा. गोळ्या घेताय ना?"

"घेतोय की. छतावर हातभर बर्फ साचलाय. तुझी आई मला शिडीला हात लावू देत नाही."

असं बोलता बोलता दहा मिनिटं जात. कार्ला कॉफी गार होऊ द्यायची.

मार्चमध्ये ते अंगणात कोसळले. इस्पितळात दंडावरच्या पट्ट्यात दोनशे अठरा आलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता.

"पण बाबांचं बीपी तर छान होतं," कार्ला नर्सला म्हणाली. "रोज बघायचे ते."

"कसं बघायचे? दाखवा बरं."

कार्लाने बोट डोळ्यांजवळ नेलं. वडिलांना आकडे दिसत नसत, म्हणून ते खिडकीशी उभे राहून हात चष्म्यापर्यंत उचलून धरत. नाताळात तिने ते पाहिलं होतं, आणि हसलीही होती.

नर्स म्हणाली, "हात छातीच्या वर गेला की आकडा खाली येतो, बाई. त्यात बोटं अशी गार. ह्या एकट्या यंत्रावर भिस्त ठेवायची नसते. अधूनमधून दंडावर मोजून ताडून बघावं लागतं."

"मला कुणी सांगितलं नाही."

"नाही सांगत कुणी," नर्स म्हणाली.

पाचव्या दिवशी रेइनो गेले.

दफन आटोपून लोक पांगले, तेव्हा आई, आउने, स्वयंपाकघरात भांडी विसळत होती. कार्ला तिच्यामागे उभी राहिली.

"आई, ते यंत्र मी आणलं. हात वर धरतात हेही मी पाहिलं होतं."

आउनेने नळ बंद केला, पण वळली नाही.

"गोळ्या अर्ध्या मी करून देत होते," ती म्हणाली. "नोव्हेंबरपासून. त्यांना सुरी धरवत नव्हती. म्हणाले, आकडा चांगला येतोय, आता अर्धी पुरे. मलाही बरं वाटलं. गोळीने गरगरायचं त्यांना. अर्धीवर आल्यापासून पुन्हा सौना, ती वाफेची न्हाणी, तापवायला लागले होते."

"डॉक्टरांना विचारलं नाहीस?"

"नाही."

कार्लाच्या मनात बरंच काही दाटून आलं. थोडा दोष आईवर टाकता आला असता, आणि क्षणभर तिला तो मोहही झाला. मग आईचे ओले, सुरकुतलेले हात तिने पाहिले आणि फडकं उचललं.

दोघींनी सगळ्या बशा पुसून ठेवल्या. कुणीतरी आणलेली मटणाची पॅस्टी, भाजलेल्या मोठ्या करंजीसारखी, उरली होती. आउनेने तिचे दोन तुकडे करून गरम केले. दोघी समोरासमोर बसल्या. दोघींनी आपापला तुकडा संपवला.

"उद्या जाणार?" आउनेने विचारलं.

"रविवारपर्यंत राहते."

"राहा," आई म्हणाली.