बाटलीबाईची टाकी

मिस्त्रीने फिल्टरची वाटी उपडी केली आणि तळहातावर जे सांडलं ते सासू-सुनेसमोर धरलं. तांबडा चिखल.

"हा तिसरा फिल्टर, ताई," तो सुनेला म्हणाला. "इंजिन ठणठणीत आहे हो. पण टाकी आतून गंजलीय. दहा मिनिटं चालतं, गंज येऊन अडकतो, की बसलं. या मॉडेलची नवी टाकी आता शोधून मिळायची नाही. देऊन टाका भंगारात, सुटाल."

सुनेने ओठ घट्ट मिटले. ट्रॅक्टर सासऱ्यांचा. ते गेल्यापासून सात वर्षं शेडमध्ये उभा होता. नवरा जहाजावर नोकरीला, वर्षातले आठ महिने पाण्यावर. त्याने फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, की पुढच्या रविवारपर्यंत ट्रॅक्टर चालू झाला तर ठीक, नाहीतर शेत शेजाऱ्याला कसायला देऊन टाकू. सून माहेरी सोळाव्या वर्षापासून ट्रॅक्टर चालवत होती. हे शेत स्वतः करायचं तिच्या मनाने घेतलं होतं.

सासू शेडच्या दाराशी उभी होती. सगळा गाव तिला बाटलीबाई म्हणायचा. नवीन माणूस हे नाव ऐकून दचकायचा आणि मग खरी गोष्ट कळली की हसायचा. दूध डेअरीत तिने सव्वीस वर्षं काचेच्या बाटल्या धुतल्या होत्या, एवढंच. तिचा नवरासुद्धा चारचौघांत म्हणायचा, "दिवसभर बाटल्या विसळायच्या, त्याला काय डोकं लागतं?" तीही सगळ्यांबरोबर हसायची. ट्रॅक्टरच्या बाबतीत मात्र तो तिला जवळपाससुद्धा फिरकू द्यायचा नाही.

मिस्त्री गेल्यावर सुनेने पाने घेतले आणि टाकी स्वतःच उतरवली. व्हिनेगरने गंज निघतो असं तिने कुणाकडून तरी ऐकलं होतं. पाच-पाच लिटरचे सहा कॅन आणून तिने टाकीत ओतले, तोंडं बंद केली आणि दोन दिवस ठेवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी व्हिनेगर टबात काढलं, तर त्याचा रंगसुद्धा फारसा बदलला नव्हता. आत बॅटरी मारून पाहिलं. गंज जिथल्या तिथे.

सून पायरीवर मटकन बसली. "आई, राहू दे आता. मी फोन करून सांगते त्याला."

सासू दारातून पुढे आली. टाकीपाशी उकिडवी बसली, टाकीच्या तोंडातून बोट आत घालून फिरवलं, अंगठ्यावर चोळलं, हुंगलं.

"तेलकट आहे," ती म्हणाली.

"डिझेलची टाकी आहे आई, तेलकट असणारच."

"अगं, तेच म्हणतेय मी. डिझेलचा हात बसलाय आतून. तेलावर आंबट ओतलंस तर ते वरच्यावर ओघळून जाणार, गंजापर्यंत पोचणार कसं? आधी कढत पाण्यात धुण्याचा सोडा. तेल सुटलं की मग तुझं व्हिनेगर. तुझं औषध बरोबर होतं, क्रम उलटा झाला."

सून बघतच राहिली. "तुम्हाला हे कसं ठाऊक?"

"उन्हाळ्यात बाटलीच्या तळाशी दुधाचा थर धरायचा, दगडासारखा. वरून सायीचा ओशटपणा. दिवसाला दोन हजार बाटल्या. मला नाही ठाऊक असणार तर कुणाला?"

मग सासूने टाकीला अशी काही कढत अंघोळ घातली, की अंगणभर वाफ झाली. काळपट पाणी निघालं. परत सोडा, परत पाणी. बोट फिरवल्यावर कुरकुर आवाज यायला लागला तेव्हा कुठे तिचं समाधान झालं. नंतर आतला गंज खरवडायला तिने बारीक खडी धुऊन घेतली आणि एकेक खडा मोजून टाकीत टाकला. साठ. थोडं पाणी घातलं, तोंडं बंद केली, टाकी जुन्या रजईत गुंडाळली. दोघी अंगणात समोरासमोर पाय पसरून बसल्या आणि टाकी एकमेकींकडे लोटू लागल्या. आत खडे असे खडखडत होते, की शेजारीण कुंपणावरून डोकावली.

"काय चाललंय?"

"खेळतोय," सासू म्हणाली, आणि सुनेला असं हसू फुटलं की टाकी हातातून निसटून चाफ्याच्या आळ्यात गेली.

लोटता लोटता सासू बोलत होती. बाटली उजेडासमोर धरून एका नजरेत तडा कसा ओळखायचा, हिवाळ्यात बोटांच्या पेरांना कशा भेगा पडायच्या, नवीन आलेल्या मुली पहिल्या दिवशी का रडायच्या.

"हे तुम्ही कधी सांगितलंच नाहीत."

"विचारलं कुणी?" सासू सहज म्हणाली आणि टाकी लोटली.

खडे बाहेर काढले तेव्हा एकोणसाठ भरले.

"जाऊ दे ना आई, एकाने काय होतंय?"

"एकाने काय होतंय म्हणे! एक काचेचा कण बाटलीत राहिला तर लेकराच्या पोटात जातो." अर्धा तास टाकी उलटीपालटी करून, तारेने कोचून, शेवटी तो खडा नळीच्या तोंडाशी सापडला. मगच ती पाणी प्यायली.

टबातल्या व्हिनेगरवरचा तेलाचा तवंग काढून तेच गाळून परत भरलं. या वेळी दोन दिवसांनी जे बाहेर आलं ते काळंकुट्ट होतं, आणि आतला पत्रा राखाडी, कोरा दिसत होता. मिस्त्रीला फोन केला. तो म्हणाला, सोड्याच्या पाण्याने, मग साध्या पाण्याने धुवा आणि ताबडतोब वाळवा, नाहीतर तासाभरात पुन्हा लाल होईल. सुनेने केस वाळवायचं यंत्र आणलं. बाटलीबाई ते टाकीच्या तोंडाशी धरून पाऊण तास बसली.

शनिवारी मिस्त्री टाकी बसवायला आला. त्याने ती उजेडाकडे धरली, तर एका कोपऱ्यात सुईच्या टोकाएवढा प्रकाश चमकला. भोक.

सुनेचा चेहरा उतरला. "म्हणजे आमच्यामुळेच..."

"छे हो. भोक जुनंच आहे, गंज त्यात बूच होऊन बसला होता." त्याने नाक टाकीला लावलं, पुन्हा लावलं. "डिझेलचा वाससुद्धा नाही! जुन्या टाकीचं भोक बुजवायला कथील वितळवून डाग द्यायचा म्हणजे माझा जीव मुठीत असतो, कधी भडका उडेल नेम नाही. अशी टाकी मी जन्मात पाहिली नाही. कुणी धुतली?"

सुनेने नुसतं सासूकडे पाहिलं.

डाग दिला, पाणी भरून तपासलं, पुन्हा वाळवलं, टाकी चढली, डिझेल भरलं. तिसऱ्या झटक्याला इंजिन धडधडलं. सून गिअर टाकून फाटकातून थेट शेतात शिरली. अंगणात दोघं कान देऊन उभी. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. पाऊण तास झाला तरी आवाज एका लयीत येत होता, आणि मध्येच सुनेची शिट्टी ऐकू आली. बाटलीबाईला माहीतच नव्हतं, की आपली सून शिट्टी वाजवते.

मिस्त्रीने बॅगेतून एक रिकामं खोकं काढलं, फाडून सपाट केलं, कानावरची पेन्सिल घेतली.

"मावशी, माझ्याकडे अशा चार टाक्या पडून आहेत. पहिल्यापासून सांगा. काय, किती, कधी. एकेक लिहून घेतो."

बाटलीबाईने त्याच्याकडे पाहिलं. घसा साफ केला.

"सांगते," ती म्हणाली. "आधी हात धुऊन या."

मिस्त्रीने आपल्या काळ्या हातांकडे पाहिलं. खोकं पायरीवर ठेवलं, नळाशी गेला आणि मुकाट्याने कोपरापर्यंत साबण लावू लागला.