सर कुठं उभे राहायचे?

माणूस हयात असेपर्यंत त्याचे उपकार अंगाला बोचत नाहीत. तो गेला की बोचायला लागतात, आणि मग ते एकदाचे फेडून मोकळं व्हायची सगळ्यांना घाई सुटते. सावळीराम पगारे सरांना जाऊन वर्ष होत आलं, तशी पंचवटीतल्या त्यांच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनाही ती सुटली. सर असताना त्यांच्या घरी किती जण गेले होते, हे विचारायची सोय नव्हती. शाळेत सरांचा पुतळा बसवायच्या बैठकीला मात्र खुर्च्या कमी पडल्या.

सर दिवसा इतिहास शिकवत आणि संध्याकाळी मुलींना खो-खो. जागा दोन्हींची एकच, शाळेचं मैदान. इतिहासाचा तास वर्गात क्वचितच भरे. सर अख्खा वर्ग बाहेर काढत आणि खो-खोच्या चुन्याच्या रेघांवर उभा करत. दोन खांबांमधली पाटी म्हणजे खिंड, पाण्याची टाकी म्हणजे किल्ला. साल्हेरच्या लढाईत मोगल व्हायला कुणी तयार नसे, म्हणून सर स्वतःच मोगल होत आणि दरवर्षी मन लावून हरत. एखादा हुशार पोरगा "महाराज फार थोर होते" असं सुरू करायचा. सर हात वर करून त्याला थांबवायचे.

"थोर होते ते समजलं. आधी कोण कुठं उभं होतं ते सांग."

हे वाक्य ऐकलं नाही असा विद्यार्थी त्या शाळेतून बाहेर पडला नसेल.

छाया त्यांच्यातलीच. कळवणकडून येऊन आत्याकडे राहिलेली, सरांच्या हाताखाली राज्य पातळीपर्यंत खेळलेली, आणि आता सरांच्याच जागेवर लागलेली. दिवसा इतिहास, संध्याकाळी खो-खो. सरांचं तिच्यावर किती ऋण होतं हे ती कधी बोलून दाखवत नसे. रोज साडेपाचला मैदानावर पाणी मारायची, तेवढंच.

पुतळा समितीचा अध्यक्ष शेखर निकम. याचं द्वारका चौकाजवळ फरशीचं मोठं दुकान. "सरांनी मला माणूस केलं," असं तो प्रत्येक बैठकीत सांगे. त्याच्या बायकोचं यावर वेगळं मत असू शकेल, पण ती बैठकीला येत नव्हती. चौथऱ्याचा दगड शेखरचा, वरच्या छत्रीचा दगड शेखरचा, आणि म्हणून जागाही शेखरनं ठरवली होती. फाटकातून आत शिरल्याबरोबर दिसेल अशी, खो-खोच्या पूर्वेकडच्या खांबाची.

मैदान लहान. एका अंगाला नवी इमारत, दुसऱ्या अंगाला सायकलींची शेड, मागं गल्ली. खांब सरकवायला वीतभर जागा नव्हती. छायानं शेखरला फोन केला होता.

"शेखरदादा, खांब काढला तर माझ्या मुली खेळणार कुठं?"

"अगं, एकच काढतोय. दुसरा आहे ना!"

"एका खांबानं खो-खो होत नाही, दादा."

"सर असते तर त्यांनी अॅडजस्ट केलं असतं," शेखर म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. गेलेल्या माणसाचं हे एक बरं असतं. कुणाच्याही बाजूनं त्याला बोलायला लावता येतं.

बैठकीत तोंड उघडायची छायाची छाती झाली नव्हती. पुतळ्याला नको म्हणणाऱ्याचं तोंड तेवढं लोकांच्या लक्षात राहतं, त्याचं कारण कुणी ऐकून घेत नाही. त्यात सरांची खुर्ची तिलाच मिळालेली. खुर्ची घेतली आणि पुतळा अडवला, असं म्हणायला नाशिकमध्ये कितीतरी लोक रिकामे होते. मुख्याध्यापिका लताबाईंकडे जावं, तर ज्या गोष्टीचा कागद वर पाठवावा लागत नाही तिला त्या लगेच हो म्हणत. पुतळ्याला त्या कधीच हो म्हणून बसल्या होत्या.

त्यामुळे रविवारी सकाळी खांबाशेजारी चौथऱ्याचे दगड येऊन पडले, कुदळवाले दोघं चहा पीत बसले, माजी विद्यार्थी जमले, आणि छाया बघत उभी राहिली. पुढच्या आठवड्यात जिल्ह्याची निवड होती. मुलींना तिनं अजून काही सांगितलं नव्हतं. खांब एकदा उखडला की पुन्हा कुणी रोवून देणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मुली सायकली काढून घरी जाणार, आणि सर छत्रीखाली उभे राहून रिकामं मैदान बघणार.

पहिली कुदळ सरांच्या बायकोनं, शकुबाईंनी मारायची असं ठरलं होतं. त्या रिक्षातून उतरल्या. माहेर इगतपुरीकडचं, आणि एवढी वर्षं शहरात काढूनही बोलणं तिकडचंच. शेखरनं वाकून नमस्कार केला आणि फीत बांधलेली कुदळ पुढं धरली.

"इथं?" शकुबाईंनी खांबाकडे पाहिलं.

"हो काकू. सर कायम इथंच उभे राहायचे ना, खांबाला हात लावून."

"इथं कुठं रे?" मागून संघर्ष बोलला. हा बँकेत कारकून. त्याला चुकीचं काही चाललेलं बघवत नसे, आणि म्हणून त्याची बढतीही होत नसे. "सर टाकीजवळ असायचे. तिथनंच माझ्या नावानं ओरडायचे."

"टाकीजवळ? काहीतरीच काय!" वैष्णवी म्हणाली. ती आता डॉक्टर होती आणि तिचं स्वतःचं हॉस्पिटल होतं. "कडुनिंबाखाली. मला चांगलं आठवतंय."

"अरे, जागा ठरलीय आता! दगड येऊन पडलेत!" शेखर कावला.

छायाच्या तोंडून ते कसं निघालं तिचं तिलाच कळलं नाही. तिनं हात वर केला.

"थांबा. आधी कोण कुठं उभं होतं ते सांगा."

पोटं सुटलेले, केस पिकलेले, कर्जं आणि पोरंबाळं असलेले ते सगळे क्षणभर ताठ उभे राहिले. संघर्षनं तर शर्ट नीट खोचला.

"बोलू नका," छाया म्हणाली. आता मागं फिरणं नव्हतं. "ज्याला सर जिथं आठवतात, त्यानं तिथं जाऊन उभं राहा."

आणि गंमत अशी की सगळे गेले. संघर्ष टाकीजवळ गेला. वैष्णवी कडुनिंबाखाली गेली; तिचे वडील पाळीवरून सुटून येईपर्यंत सर रोज तिथं तिच्यासोबत थांबत. कुणी मधल्या पाटीत उकिडवं बसलं, कुणी सायकलींच्या शेडपाशी, एक जण थेट फाटकात, कारण तो रोज उशिरा यायचा. लताबाई या शाळेच्या विद्यार्थिनी नव्हत्या, तरी त्याही कचेरीच्या पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या. रजेच्या अर्जासाठी सर त्यांना तिथंच गाठत. सगळं मैदान भरलं. दोन माणसं एका जागी नव्हती.

खांबापाशी उरला एकटा शेखर. सवयीनं त्यानं खांबाला हात लावला, आणि तसाच राहिला.

"दादा?" छायानं विचारलं.

"सर नाही गं," तो हळूच म्हणाला. "इथं मी असायचो. नववीत. दंगा केला की सर मला खांब धरून उभं करायचे. आणि स्वतः…" त्यानं सगळीकडे पाहिलं. "स्वतः तिकडं पळत असायचे."

"तोंड खांबाकडे असायचं का मैदानाकडे?" संघर्ष टाकीवरून ओरडला.

"गप रे!"

शकुबाई खो खो हसायला लागल्या. कुदळ त्यांनी शेखरच्या हातात परत दिली.

"एका जागी उभा राहणारा माणूस असता तर मला लय सुख लागलं असतं," त्या म्हणाल्या. "दोन वेळा भाकरी गरम करायची येळ आली नसती. अन् तुम्ही त्यांना छत्रीखाली उभं करताय? ऊन लागलं तरी टोपी घालायचे नाय ते."

"पण काकू, पुतळा तर तयार आहे," शेखर रडकुंडीला आला होता. "त्याचं काय करायचं?"

"बसायला जागा नाय का कुठं या शाळेत?"

"स्टाफरूम आहे," छाया म्हणाली. "सर तिथं कधी बसले नाहीत."

"मग आता बसवा. आयुष्यभर बसले नाय, आता बसतील."

लताबाईंचा चेहरा पडला. मधल्या सुट्टीनंतरचा चहा जरा लांबत असे, आणि सरांच्या नजरेसमोर तो तसा लांबवता येणार नव्हता. पण एवढ्या माणसांसमोर सरांना नको कसं म्हणायचं? ही अडचण काय असते ते छायाला चांगलं माहीत होतं. तिनं मुद्दाम विचारलं, "चालेल ना, मॅडम?"

"चालेल की," लताबाई म्हणाल्या.

चौथऱ्याचे दगड भिंतीला लावून खेळ बघणाऱ्यांसाठी बाक करायचे ठरले. शेखरनं लगेच तिथली लांबी पावलांनी मोजली, छत्रीच्या दगडाच्या पायऱ्या होतील म्हणाला, आणि त्याच्या तोंडावर रंग परत आला. त्याला काहीतरी द्यायचंच होतं. देऊ दिलं की तो भला माणूस होता. कुदळवाल्यांना पाटीतले वर आलेले खडे काढायला लावलं.

छायानं पाण्याचा पाइप ओढला आणि नळ सोडला. पाणी आधी चपलांवरच पडलं. ओल्या मातीचा वास आला तशी ती एकटीच हसली.

साडेआठला रविवारच्या सरावाला मुली आल्या. एवढी मोठी माणसं मैदानभर का उभी आहेत ते त्यांना कळेना.

"मॅडम, हे कोण?"

"तुमच्या आधीचे," छाया म्हणाली. "चला, बसा पाटीत."

शकुबाई पहिल्या दगडावर टेकल्या. शेखर परत येऊन खांबाला हात लावून उभा होता.

"दादा, बाजूला हो. मुलींना खांब लागतो."

तो घाईघाईनं बाजूला झाला. छायानं शिट्टी तोंडात धरली आणि नेहमीसारखी पळायला लागली.