लाकडी डोक्याचा चष्मा

मी एक हेडफोन. एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात सोडायचं आणि मधे आपण गप्प राहायचं, हे माझं काम. पण मला घडवलं कॉलेज अर्धवट सोडून आलेल्या एका पोरीनं, आणि गप्प राहणं तिच्या रक्तातच नाही. तेव्हा माझ्याकडूनही फार अपेक्षा ठेवू नका.

माझा जन्म तिच्या वडिलांच्या कारखान्यातला. कारखाना कसला, एक लांबडा हॉल, टेबलांच्या दोन रांगा, सोल्डरचा वास आणि धुळकट काचांतून झिरपणारं पिवळं ऊन. पोरीनं माझी पोलादी कमान वाकवली, दोन वाट्या जोडल्या, त्यांच्यावर जाड मऊ गाद्या चढवल्या आणि मला स्वतःच्या डोक्यावर ठेवलं. माझी वायर अजून कशालाच जोडलेली नव्हती. तरी मला ऐकू आलं. तिच्या कानाच्या आत, खूप दूर, पाणी हलत होतं. माझं बालपण म्हणजे ते पाणी.

कमानीच्या मध्यावर, बरोबर टाळूवर येईल अशी, माझ्यावर एक छोटी चक्री आहे. उजवीकडे फिरवली की कमान किंचित उघडते, कानांवरचा दाब उतरतो. डावीकडे फिरवली की आवळते. बस, एवढंच. पण एवढ्यावरून बापलेकीत जुंपली.

कारण तिथला प्रत्येक हेडफोन एका लाकडी डोक्यावर तपासला जायचा, आणि ते डोकं खुद्द मालकांच्या डोक्याच्या मापानं कोरून घेतलेलं होतं. कामगार त्याला 'धाकटे मालक' म्हणायचे. "थोरल्यांपेक्षा हे बरे, ओरडत तरी नाहीत!" कानाच्या जागी दाब मोजायचा काटा. काटा लाल रेघेपर्यंत गेला तर पास, अलीकडे अडकला तर नापास.

"सैल बसला की बास गळतो, गाण्यातला खर्जच जातो," मालक म्हणायचे. "आम्ही दिवस दिवस आवळून घातलेत. कान काय झडले आमचे?"

मोठ्या माणसांचं हे मला कधी कळलं नाही. आपल्याला जे दुखलं ते पुढच्याला दुखलं नाही, तर आपलं दुखणं फुकट गेलं असं त्यांना वाटतं.

आणि इथे दुखत होतं ते पोरीच्या आईला. ती तपासणीच्या टेबलावर बसायची. तयार झालेला प्रत्येक हेडफोन घालून खरखर पकडायची. तिला चष्मा. संध्याकाळपर्यंत काड्या रुतून कानामागे लाल चर पडायचे, आणि घरी गेल्यावर ती दिवा न लावता आडवी व्हायची. त्याच टेबलासमोरून रोज ये-जा करणाऱ्या नवऱ्याला ते चर कधी दिसले नाहीत.

एका दुपारी पोरीनं मला आईच्या डोक्यावर ठेवलं. "तूच फिरव, तुला हवं तितकं."

आईनं चक्री फिरवली, थांबली, अजून थोडी फिरवली. गाणं सुरू झालं. तिचा जबडा सुटला, खांदे उतरले, डोळे आपोआप मिटले. हॉल कुठेतरी वाहून गेला. मी धरून बसलोय की तरंगतोय, माझं मलाच कळेना.

"अगं, हा डोक्यावर आहे ना?" आईनं विचारलं, हेडफोन घातलेली माणसं ओरडतात तसं ओरडून. सगळा हॉल हसला.

मालक नाही हसले. "काट्यावर लाव. आणि ठरलंय ते लक्षात आहे ना? पास झाला तर चक्री पुढच्या मालात. नापास झाला तर मुकाट्यानं परत कॉलेज."

आईनं ठेवलेल्या दाबावरच मला धाकट्या मालकांच्या डोक्यावर चढवलं. काटा हलला, आणि रेघेच्या बराच अलीकडे थांबला.

"नापास."

"ते मला नवीन नाही," पोरगी म्हणाली.

"तोंड चालव फक्त! सोमवारपासून कॉलेज. आणि हा खोलून पार्ट जमा कर."

स्क्रू-ड्रायव्हरचं गार टोक माझ्या वाटीला लागलं. पण तिनं ते फिरवलं नाही. "बाबा, जाता जाता एकदा आपलाच माल घालून दाखवा मला."

मालकांनी टेबलावरचा एक घट्ट हेडफोन उचलला. दुसरा हात आपसूक नाकाकडे गेला. चष्मा निघाला, मिटला, खिशात गेला.

"चष्मा का काढलात?"

"कुठे काढला?"

त्यांना खरंच माहीत नव्हतं.

आई म्हणाली, "अहो, लग्न झाल्यापासून बघतेय मी. चष्मा उतरवल्याशिवाय तुम्ही कधी काही ऐकलेलंच नाही."

"ऐकायला डोळे कशाला लागतात?"

"मला लागतात. ऐकता ऐकता पुढच्या हेडफोनचे सोल्डरचे डाग कोण बघतं? तुमचं हे लाकडी डोकं?"

मालकांनी चष्मा चढवला, वर हेडफोन चढवला. पोरीनं गाणं लावलं. आधी रुबाबात उभे राहिले. मग गाल हलला. मग बोट हळूच कानामागे जायला लागलं.

"काढायचा नाही," आई म्हणाली. "मी चहापर्यंत काढत नाही."

"बास कुठे गेला?" ते पुटपुटले.

"काडीच्या फटीतून, बाबा. आवळून फट बुजत नाही. गादी मऊ लागते."

त्यांनी तो काढला. मग, चष्म्यासकट, मला घातलं. चक्रीवर त्यांचा अंगठा आला. उजवीकडे. अजून उजवीकडे. गाणं लावायचं कुणाला सुचलंच नाही. त्या शांततेत मला त्यांच्या कानातलं पाणी ऐकू आलं, अगदी पोरीच्या कानात हलत होतं तसंच. मी दोघांपैकी कुणालाच सांगितलं नाही. भांडू देत.

'चुकलं' हा शब्द त्यांच्या तोंडून आला नाही. यायचाही नाही. पण सोमवारी सकाळी धाकट्या मालकांच्या नाकावर मालकांचा जुना, एक काच तडकलेला चष्मा होता आणि लाल रेघ कानशीनं घासून टाकलेली होती. पोरगी दप्तर अडकवून दारात उभी होती.

"ए नापास," आतून हाक आली, "ती चक्री फार कडक फिरते. बघ जरा."

तिनं दप्तर दारातच टाकलं.

आता मी आईच्या टेबलावर असतो. गाद्यांची कातडी सोलत चाललीय, चक्रीचे दाते झिजलेत. माझी धाकटी भावंडं कुठल्या कुठल्या डोक्यांवर गेली, कधी दिसायची नाहीत. दुपारी हॉल पेंगुळला की मला वाटतं, त्या सगळ्या कानांतलं पाणी एकमेकांत मिसळतंय आणि मी त्यावर पडून आहे.

तुम्ही आमच्यातल्या कुणाला डोक्यावरून उतरवाल तेव्हा कानामागे बोट फिरवून बघा. चर लागला तर सोसू नका. सोसण्याचं कौतुक करणाऱ्यांनी आपला चष्मा आधीच खिशात टाकलेला असतो. दाब तुमच्या हातात ठेवा. आणि गाणं लावण्याआधी क्षणभर आम्हाला नुसतेच घालून बसा. आत पाणी हलतंय. ते तुमचं आहे.